पेव्हिंग ब्लॉक बसवल्यापासून सोसायटीत पाणी तुंबतंय? पंप घेण्याआधी हे तपासा

पुण्यातल्या सोसायट्यांची पावसाळी दुरुस्तीची कामं मी करतो. दर जून-जुलैत येणारे फोन बहुतेक एकाच तक्रारीचे असतात: "आमच्याकडे आधी कधी पाणी साचत नव्हतं, आता अर्ध्या तासाच्या पावसात पार्किंग भरतं." जागेवर गेलं की चित्रही बहुतेक तेच दिसतं. मागच्या काही वर्षांत बागेचा तुकडा, कंपाउंडच्या कडेची माती, झाडांची आळी, सगळं पेव्हिंग ब्लॉकखाली किंवा ट्रिमिक्स (मशिनने जास्तीचं पाणी काढून घट्ट केलेल्या) काँक्रीटखाली गेलेलं असतं. कमिटीचा संशय मात्र गटारावर असतो, आणि कोटेशन आलेलं असतं मोठ्या पंपाचं.

ब्लॉक बसवण्यामागची कारणं खरी असतात. चिखल होतो, गाड्या लावायला जागा पुरत नाही, ज्येष्ठ मंडळी घसरतात. म्हणून सगळं उखडून टाका असं मी कुणाला सांगत नाही. कुठला तुकडा किती पाणी पाठवतोय ते आधी शोधायचं आणि तेवढ्याच तुकड्यावर काम करायचं, हे सांगतो.

लक्षणं

पाणी कसं येतं आणि कसं जातं, यावरून निम्मं निदान होतं.

जोराचा पाऊस सुरू झाल्यावर दहा-वीस मिनिटांत पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी, आणि पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत ते आपोआप गेलं, तर ते तुमच्याच आवारात पडलेलं पाणी आहे. फरसबंदीचा ठसा हाच. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

पाणी गेटमधून आत वाहत येत असेल, तर रस्ता तुमच्यापेक्षा उंच झालाय. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढत गेलं की दहा-पंधरा वर्षांत गेट खड्ड्यात जातं.

चेंबरच्या झाकणातून पाणी उसळतं, वास येतो, तळमजल्याच्या संडासात बुडबुडे येतात: पावसाचं पाणी मैलापाण्याच्या लाइनीत घुसलंय.

पाऊस थांबून काही तास झाल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात स्वच्छ पाणी दिसू लागलं, तर ते जमिनीतून झिरपून येतंय. त्याचा पृष्ठभागावरच्या पाण्याशी संबंध असेलच असं नाही.

आणखी दोन खुणा लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, आवारातली जुनी झाडं शेंड्याकडून वाळायला लागतात. दुसरी, बोअरचं पाणी पूर्वीपेक्षा लवकर खाली जातं. बोअर खाली जाण्याला शेजारचे नवे बोअरही कारण असतात, त्यामुळे एकट्या त्या खुणेवर निष्कर्ष काढू नका. पण ब्लॉक बसवल्यानंतर पावसाळ्यात तुंबणं आणि उन्हाळ्यात बोअर आटणं एकाच सुमाराला सुरू झालं असेल, तर माझा पहिला संशय फरसबंदीवर जातो.

तपासणी 1: पावसात उभं राहा (खर्च शून्य)

छत्री आणि मोबाइल घेऊन पाऊस सुरू होताना खाली उतरा. पाणी पहिल्यांदा कुठे साचलं, कुठून कुठे वाहिलं, किती वेळात किती चढलं याचं चित्रीकरण करा. भिंतीवर खडूने पाण्याची रेघ आणि वेळ लिहा. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि पाऊस थांबल्यावर आतलं पाणी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा.

हे आधी करायचं, कारण पाऊस ओसरल्यावर प्रत्येक जण आपल्या आठवणीप्रमाणे सांगतो आणि सभेत वाद होतो. व्हिडिओ असला की वाद मिटतो. सोसायटीतला सगळ्यात जुना वॉचमन किंवा माळीकाका यांना एवढंच विचारा: "पहिल्यांदा तुंबलं ते कोणत्या कामानंतर?" त्यांना बहुतेक बरोबर आठवतं.

तपासणी 2: जाळ्या आणि गाडली गेलेली चेंबरं

पावसाळी गटाराच्या जाळ्यांवरचा पालापाचोळा काढा, चेंबरं उघडून तळाला किती गाळ आहे बघा. हे काम माणूस वरून, लांब दांड्याच्या फावड्याने करतो. आत उतरायचं नाही, त्याबद्दल पुढे.

खरी गोम गाडलेल्या चेंबरांची आहे. ब्लॉक बसवताना ठेकेदाराने लेव्हल उचलली की जुनी झाकणं ब्लॉकखाली जातात. वरून सगळं सपाट, सुबक दिसतं, आणि निम्मी चेंबरं कुणालाच सापडत नाहीत. सोसायटीच्या फाइलमध्ये ड्रेनेजचा मंजूर नकाशा असतो. तो काढा, चेंबरं मोजा, जागेवर मोजा. फरक आला तर तेवढे ब्लॉक उचलून झाकणं वर घ्या. यात मोठा खर्च नाही, आणि काही सोसायट्यांचा प्रश्न एवढ्यावरच संपलेला मी पाहिला आहे.

तपासणी 3: गच्चीचं पाणी कुठे सोडलंय?

गच्चीवरून खाली येणारा प्रत्येक पाइप शोधा आणि त्याचं तोंड कुठे उघडतं ते लिहून काढा. जुन्या इमारतींत हे पाइप भिंतीलगतच्या फुलझाडांच्या वाफ्यात सुटायचे. वाफ्यावर ब्लॉक आले तरी पाइप जागेवरच राहिले, आणि आता ते सरळ पार्किंगमध्ये ओततात.

अशा पाइपाला कोपर लावून, थोडा लांबवून, शिल्लक असलेल्या कुठल्याही मातीत सोडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: हा पाइप मैलापाण्याच्या चेंबरला जोडू नका. प्लंबर ते सुचवतात, कारण ते जवळ असतं. त्या लाइनीचा आकार घरातल्या सांडपाण्यापुरता असतो. वर गच्चीचं पाणी आलं की मैला तळमजल्यावाल्यांच्या बाथरूममध्ये उलटा येतो.

तपासणी 4: ढाळ

गवंड्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घ्या. गेटसमोरचा रस्ता, गेटचा उंबरा, पार्किंगचा मधला भाग, जाळीचं तोंड आणि जोत्याची कड, या पाच ठिकाणची उंची एकमेकांशी ताडून बघा. शंभर फुटांना एक फूट एवढा ढाळ जाळीच्या दिशेने हवा. जाळी भोवतालच्या ब्लॉकपेक्षा बोटभर जरी वर असली तरी पाणी तिच्याभोवती तळं करून बसतं. ढाळ इमारतीकडे असेल तर भिंतीत ओल येणारच.

रस्ता गेटपेक्षा उंच निघाला तर गेटवर आडवी जाळी आणि थोडा उंचवटा करता येतो. त्याने बाहेरचं पाणी थांबेल. पण आतल्या पाण्याचा मार्गही त्यामुळे अडत नाही ना, हे त्याच वेळी तपासा. गेट बंद केलं आणि आत तळं झालं, असंही होतं.

तपासणी 5: हिशेब

सभेत ठराव पास करून घ्यायचा असेल तर हे कामाला येतं. गणित सोपं आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी.

वीस गुंठ्यांचा प्लॉट घ्या. इमारत सोडून मोकळी जागा 1400 चौरस मीटर. पूर्वी त्यातली 900 चौरस मीटर माती आणि झाडं, 500 कडक. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला असं धरा. काँक्रीट किंवा बुजलेल्या ब्लॉकवरून साधारण 90 टक्के पाणी वाहून जातं, चांगल्या बागेतून अंदाजे 25 टक्के. म्हणजे पूर्वी आवारातून सुमारे 34 हजार लिटर वाहायचं. सगळं कडक केल्यावर तेच 63 हजार होतं. गच्ची 600 चौरस मीटरची असेल तर तिचे 27 हजार लिटर वेगळे, जे पूर्वी वाफ्यांत जायचे.

आता बाहेर जाणारा पाइप बघा. सहा इंची पाइप स्वच्छ असेल आणि ढाळ शंभराला एक असेल तर तो तासाला 50 ते 55 हजार लिटर नेतो. 34 हजार त्यात मावत होते, 90 हजार मावणार नाहीत. गटार साफ असूनही तुंबतं ते यामुळे. शिवाय कडक जमिनीवरून पाणी धावत येतं. मातीतून, गवतातून ते थांबत-अडखळत यायचं, आता सगळं एकदम जाळीवर येतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आपल्याकडची काळी माती चार दिवसांच्या झडीनंतर फुगून बंद होते आणि मग तीही बरंच पाणी सोडते. त्यामुळे मातीचा सगळ्यात मोठा फायदा जूनच्या सुरुवातीच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वळवासारख्या आडदांड सरींमध्ये होतो. पुण्यात सोसायट्या तुंबतात त्याही बहुतेक अशाच सरींत.

आधी माती किती होती हे कुणालाच आठवत नसेल तर गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात. आपल्या प्लॉटचं पूर्वीचं आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेवून सभेत दाखवा. हिरवा भाग कसा आटत गेला ते दिसलं की वेगळं समजवावं लागत नाही.

तपासणी 6: एक ब्लॉक उचला, एक खड्डा खणा

"ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरतं ना?" असं विचारतात. नव्या कामात थोडं मुरतं. दोन पावसाळ्यांत फटी धुळीने आणि गाड्यांच्या तेलाने बुजतात. कोरड्या दिवशी फटीवर तांब्याभर पाणी ओता. जागेवर जिरलं की वाहिलं ते बघा. मग एक ब्लॉक पहारीने उचला. खाली कच आणि मुरूम असेल तर आशा आहे. पीसीसीचा, म्हणजे सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटचा, थर असेल तर वरचे ब्लॉक निव्वळ सजावट. पाण्याच्या दृष्टीने ते काँक्रीटच.

त्यानंतर आवारात दोन-तीन ठिकाणी फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या. एकदा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, म्हणजे माती भिजेल. पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती इंच उतरलं ते मोजा. मुरूम असेल तर झपाट्याने उतरतं. काळ्या मातीत तासाला अर्धा इंचही उतरलं तर ठीक. अजिबात हललं नाही तर खाली पक्का काळा पाषाण आहे, किंवा रोलरने दाबलेला भराव आहे.

ही तपासणी टाळून लोक थेट शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, खणतात. दख्खनच्या बेसाल्टवर, भेगा नसलेल्या खडकात खणलेला शोषखड्डा ही फक्त टाकी असते. पहिल्या सरीत भरते आणि नंतर डास देते.

उपाय: कुठली माती परत उघडायची

हा भाग मी घाईने उरकत नाही, कारण बहुतेक कामं इथेच फसतात.

पहिली जागा झाडांभोवतीची. खोडाभोवती निदान एक मीटर मोकळं करा. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्याला त्यासाठी आदेशाची वाट बघायची गरज नाही. ब्रेकर मशिन लावू नका, मुळं तुटतात. छिन्नी-हातोडी आणि हाताने.

दुसरी, कंपाउंडच्या कडेची दोन फुटांची पट्टी. तिथे गाडीचं चाक जात नाही, त्यामुळे पार्किंगवाल्यांचा विरोधही नसतो. लांब प्लॉटला ही पट्टी सहज एक गुंठा भरते.

तिसरी, पार्किंगच्या गाळ्यांचा मधला भाग. चाकाखाली दोन पट्ट्या कडक ठेवल्या की मधली जागा ग्रास पेव्हरला (गवत उगवायला भोकं असलेल्या ब्लॉकला) किंवा खडीला देता येते. आगीच्या बंबाचा रस्ता मात्र हात न लावता कडकच ठेवायचा. तो कुठून जातो ते मंजूर नकाशात असतं.

आता मुख्य मुद्दा: उघडलेल्या मातीची पातळी भोवतालच्या ब्लॉकपेक्षा तीन-चार इंच खाली हवी. सवयीने आपण वाफा उंच करतो, त्याला विटांची कड बांधतो आणि वर रंग देतो. त्या वाफ्यात आवाराचं थेंबभर पाणी जात नाही. उलट त्यातली माती वाहून जाळीत बसते. वाफा खोलगट हवा आणि कडेला चार-पाच फुटांवर पाणी शिरायला फटी हव्यात. एक गुंठा जागा चार इंच खोल ठेवली तर एका वेळी सुमारे 10 हजार लिटर पाणी तिथे थांबतं. म्हणजे एक पूर्ण टँकर, आणि तो मुरायच्या आधीच. वाफ्याच्या टोकाला जास्तीचं पाणी जाळीकडे जाईल अशी वाट ठेवा.

खालची माती फूट-दीड फूट खणून मोकळी करा, त्यात मुरूम आणि कुजलेलं खत मिसळा. कर्दळ आणि वाळा लावा. दोन्ही पाण्यात तग धरतात आणि मुळांनी माती भुसभुशीत ठेवतात. लॉन लावू नका. त्यावर लोक चालतात, माती दबते, उन्हाळ्यात पाणी मागते.

"डास होतील" हा आक्षेप प्रत्येक सभेत येतो आणि तो रास्त आहे. अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. तुमच्या वाफ्यातलं पाणी दोन दिवसांत संपत असेल तर भीती नाही. दोन दिवसांनंतरही उभं असेल तर खोली कमी करा किंवा मुरूम वाढवा.

बोअरमध्ये गच्चीचं पाणी सोडणं चांगलं, पण फक्त गच्चीचं, गाळणीतून, आणि पहिल्या सरीचं पाणी सोडून देऊन. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरमध्ये कधीही नाही. सगळ्या परिसराचं भूजल खराब होतं. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे, त्यामुळे नव्या सोसायटीत अशी टाकी आणि गाळणी कागदावर तरी असतेच. ती जागेवर आहे का आणि चालू आहे का, ते बघा.

पंप सगळ्यात शेवटी. तो पाणी उचलून रस्त्यावर टाकतो, रस्ता ते पुढच्या उतारावरच्या वस्तीला देतो, आणि शेवटी ते ओढ्यात जातं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूने येणारा आंबिल ओढा सहकारनगर, टांगेवाला कॉलनीत घुसला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. पाऊस प्रचंड होता आणि ओढ्याचं पात्र अरुंद झालेलं होतं, हे खरंच. पण त्या पात्राकडे येणारं पाणी वरच्या उतारावरच्या शेकडो आवारांतून येतं, आणि त्यातलं प्रत्येक आवार आपलं पाणी किती घाईने खाली पाठवायचं ते ठरवत असतं. वरच्या बाजूला राहणाऱ्या सोसायटीला मी हे आवर्जून सांगतो, कारण तिच्या पार्किंगमध्ये पाणी राहत नाही म्हणून तिला प्रश्नच दिसत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पाणी मीटर रूमजवळ, डीपीजवळ (विजेच्या वितरण पेटीजवळ) किंवा लिफ्टच्या खड्ड्यात पोचलं तर सगळी तपासणी बंद. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावू नका. महावितरणला आणि लिफ्टच्या देखभालवाल्यांना कळवा, मुलांना खाली येऊ देऊ नका.

चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका. तुमच्या नेहमीच्या सफाई कामगारालाही नाही, त्याने "मी करतो" म्हटलं तरी नाही. आतल्या वायूने माणूस आवाजही न करता कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. जेटिंग मशिनची, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन साफ करणारी, गाडी मागवा.

सीमाभिंत किंवा संरक्षक भिंत फुगलेली, कललेली, भेगाळलेली दिसली, तर तिच्या पायथ्याला ना खणायचं ना पाणी मुरवायचं. भिंतीतली पाणी निघायची भोकं बुजली असतील तर मागे पाण्याचा दाब चढत जातो. 29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. भिंतीपलीकडे कोण झोपतंय ते बघा, त्यांना आधी हलवा, आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आवाराखाली बेसमेंट असेल किंवा आवारच पोडियमवर (खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर) असेल तर मुरवण्याचा कुठलाही उपाय स्वतः करू नका. खाली जमीन नाही, स्लॅब आहे. वॉटरप्रूफिंग आणि भाराचा हिशेब इंजिनिअरच करू शकतो. स्वतंत्र इमारतीतही मुरवण्याचा खड्डा पायापासून निदान दहा फूट लांब ठेवा.

पाणी नदीचं असेल तर या यादीतलं काहीच लागू नाही. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेल्या विसर्गाचं होतं. तिथे वाफे खोल करून काही होत नाही. विसर्गाची सूचना आली की गाड्या आणि माणसं वर न्यायची.

रस्त्याची उंची, बुजवलेला नाला, रस्त्यावरचं तुंबलेलं पावसाळी गटार ही कामं महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची आहेत. लेखी अर्ज द्या. सोबत तपासणी 1 चा व्हिडिओ, लेव्हलची मापं आणि डब्यातला पाऊस जोडा, पोच घ्या, आणि आजूबाजूच्या सोसायट्यांनाही त्याच आठवड्यात अर्ज द्यायला सांगा. एका सोसायटीचा अर्ज बाजूला पडतो, सात सोसायट्यांचा पडत नाही.

काम झाल्यावर मे महिन्याच्या शेवटी वाफ्यांच्या फटी आणि जाळ्या साफ करायच्या, आणि दिवाळीच्या सुमाराला वाफ्यात बसलेला बारीक गाळ दाताळ्याने खरवडून काढायचा. ही दोन कामं कुणाची, ते वार्षिक सभेच्या इतिवृत्तात पदाने लिहून ठेवा, म्हणजे कमिटी बदलली तरी काम राहतं.